क्षयजंतूचा वाण आणि रुग्णाचे बरे होणे

आरोग्यविषयक प्रश्नोत्तरे

क्षयरोगाच्या जनुकीय तपासण्यांविषयी या महिन्यात बरीच पत्रे आली. बहुतेकांच्या शंकेचा रोख एकच आहे: क्षयजंतू नेमका कोणत्या वाणाचा आहे यावर रुग्ण बरा होणे अवलंबून असते का आणि असल्यास किती? त्यांपैकी चार पत्रे निवडून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न: माझ्या २४ वर्षांच्या मुलाला फुफ्फुसाचा क्षयरोग झाला असून उपचार सुरू होऊन सहा आठवडे झाले आहेत. सरकारी रुग्णालयातील सीबीनॅट तपासणीत 'क्षयजंतू आढळले, रिफाम्पिसिनला प्रतिकार आढळला नाही' असा निष्कर्ष आला. ताप गेला आहे, वजन थोडे वाढले आहे. परंतु नात्यातील एक गृहस्थ सांगतात की, क्षयजंतूंमध्ये 'बीजिंग' नावाचा फार चिवट वाण असतो आणि तो असेल तर नेहमीच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही. खासगी प्रयोगशाळेत जंतूचे संपूर्ण जनुकीय विश्लेषण करून घ्यावे का? (एक वाचक, मिरज)

उत्तर: आज तरी त्याची गरज नाही. ताप उतरला आहे, वजन वाढते आहे, तेव्हा औषधे लागू पडत असल्याचेच हे लक्षण आहे. दोन महिने पूर्ण होताच बेडक्याची तपासणी पुन्हा होईल, ती मात्र चुकवू नये. आपल्या नातेवाइकांच्या सांगण्यात तथ्य मुळीच नाही असे नाही. पण ते अर्धेच आहे आणि उरलेला अर्धा भाग आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे.

क्षयजंतूची जनुकसंहिता सुमारे ४४ लाख अक्षरांची असून ती प्रथम १९९८ मध्ये पूर्ण वाचली गेली. जगभरातील जंतूंच्या संहितांची तुलना केली असता त्यांच्या काही ठळक वंशशाखा दिसून येतात. दक्षिण भारतात पहिली शाखा, म्हणजे हिंदी महासागराभोवतीच्या प्रदेशांत आढळणारी प्राचीन शाखा, अधिक सापडते. उत्तर भारतात तिसरी शाखा अधिक सापडते. दुसऱ्या शाखेतील सर्वांत प्रसिद्ध कुळ म्हणजे बीजिंग. चीनच्या राजधानीच्या परिसरातील नमुन्यांवरून १९९५ मध्ये त्याचे वर्णन झाले आणि तेच नाव त्याला चिकटले. मुंबईसारख्या शहरात, जेथे देशभरातून माणसे येतात, या सगळ्या शाखा एकत्र नांदतात.

आता मुद्दा उपचारांच्या निष्पत्तीचा. व्हिएतनाममधील रुग्णांच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बीजिंग वाणाच्या रुग्णांमध्ये उपचार अयशस्वी ठरण्याचे आणि रोग उलटण्याचे प्रमाण अधिक आढळले. इंडोनेशियातील २०१० च्या अभ्यासातही औषधांचा प्रतिकार हिशेबात घेऊनसुद्धा हा वाण अपयशाशी जोडलेला दिसला. हे दोन्ही निष्कर्ष दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. परंतु त्यांवरून 'हा वाण असेल तर गोळ्या लागू पडत नाहीत' असे म्हणणे म्हणजे आडनाव कळले की माणूस कळला असे समजण्यासारखे आहे. चीनमध्ये बहुतेक रुग्णांत हेच कुळ सापडते आणि जंतू औषधांना दाद देणारा असेल तर तेथील बहुसंख्य रुग्ण नेहमीच्याच औषधांनी बरे होतात. वाणामुळे धोका काहीसा वाढतो तो समूहाच्या सरासरीत. एका रुग्णाचे भवितव्य त्यावरून सांगता येत नाही.

मुंबई महानगर प्रदेशातील बहुऔषधरोधी, म्हणजे एकाहून अधिक प्रमुख औषधांना दाद न देणाऱ्या, जंतूंच्या जनुकीय अभ्यासात, जो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, दुसऱ्या शाखेच्या मोजक्या कुळांचा वरचष्मा आढळला आणि त्यांच्यात फ्लुरोक्विनोलोन गटातील औषधांचा प्रतिकारही मोठ्या प्रमाणावर होता. बीजिंग म्हणजे असाध्य, ही समजूत मुंबईत का पसरली असावी हे यावरून ध्यानात येते. परंतु तेथील खरी अडचण अशी की, एकदा प्रतिकार कमावलेली कुळे माणसांमाणसांत पसरत राहिली. त्या कुळातील जंतूची लागण झालेल्या माणसाने आयुष्यात एकही गोळी खाल्लेली नसली तरी त्याला आरंभापासूनच औषधरोधी आजार होतो. तेव्हा भीती धरायची ती प्रतिकाराची, आणि प्रतिकार कुठल्याही शाखेच्या जंतूत असू शकतो.

आपल्या मुलाच्या तपासणीत नेमके काय पाहिले गेले हेही समजून घ्यावे. रिफाम्पिसिन हे औषध जंतूच्या ज्या प्रथिनावर काम करते त्याच्या जनुकात, म्हणजे आरपीओबी जनुकात, ८१ अक्षरांचा एक छोटा पट्टा आहे. रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या जंतूंपैकी सुमारे ९५ टक्के जंतूंमध्ये बदल याच पट्ट्यात सापडतो. सर्वाधिक आढळणारा बदल एका अक्षराचा असतो: ४५० व्या स्थानी 'टीसीजी'ऐवजी 'टीटीजी' होते, सेरीन या अमिनो आम्लाच्या जागी ल्युसीन येते आणि औषधाला तेथे घट्ट बसता येत नाही. ४४ लाख अक्षरांपैकी एक अक्षर बदलते आणि सहा महिन्यांच्या उपचारांतील सर्वांत मोलाचे औषध निकामी होते. सीबीनॅटने हा पट्टा दोन तासांच्या आत तपासला आणि तो आपल्या मुलाच्या जंतूत जसाच्या तसा आढळला. जंतूच्या कुळाच्या नावापेक्षा या निष्कर्षाचे मोल कितीतरी अधिक आहे.

मात्र डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा: आयसोनियाझिड या दुसऱ्या प्रमुख औषधाच्या प्रतिकाराची तपासणी झाली आहे का? सर्वत्र वापरात असलेल्या सीबीनॅटच्या तपासणीत त्या औषधाचा प्रतिकार दिसत नाही. राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रमात रिफाम्पिसिनला दाद देणाऱ्या रुग्णांचे नमुने त्यासाठी पुढे एलपीए या पट्टीच्या तपासणीला पाठवण्याची तरतूद आहे. कॅटजी जनुकातील ३१५ व्या स्थानचा बदल असेल तर प्रतिकार सहसा तीव्र असतो. आयएनएचए जनुकाच्या आरंभीचा बदल असेल तर तो बहुधा सौम्य असतो. केवळ आयसोनियाझिडचा प्रतिकार आढळल्यास लेव्होफ्लॉक्सासिनचा समावेश असलेली वेगळी उपचारपद्धती उपलब्ध आहे. हा अहवाल राहून गेलेला असतो, असे अनेकदा दिसते. नातेवाइकांनी विचारले की तो मिळतो.

उरलेला भाग रुग्णाच्या शरीराचा आहे. फुफ्फुसात पोकळी झाली आहे का, सुरुवातीला बेडक्यात जंतू किती होते, मधुमेह किंवा एचआयव्ही आहे का, वजन किती आहे आणि गोळ्या रोज घेतल्या जातात का, यांवर बरे होणे अधिक अवलंबून असते. झारखंडमधील चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे २८०० रुग्णांना दरमहा १० किलो शिधा देण्यात आला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी आढळला. एवढा फरक कोणत्याही वंशशाखेमुळे पडत असल्याचे माझ्या वाचनात नाही. जनुकीय विश्लेषणासाठी बाजूला काढलेले पैसे मुलाच्या डाळ, अंडी आणि दुधावर खर्च करावेत, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. गुळगुळीत कागदावर छापलेला कुळवृत्तान्त पुढे उपचारांत काडीचाही बदल घडवत नसेल तर तो विकत घेण्यात अर्थ नाही.

प्रश्न: माझ्या धाकट्या बहिणीने क्षयरोगाचे सहा महिन्यांचे उपचार पूर्ण केले आणि तिच्या कार्डावर 'बरी झाली' असा शेरा आला. अडीच वर्षांनी तिला पुन्हा क्षयरोग झाल्याचे निदान झाले आहे. सासरची मंडळी म्हणतात की, तिने औषधे नीट घेतली नसणार. ती रडून सांगते की, एकही गोळी चुकवली नाही. खरे काय ते जंतूच्या तपासणीतून कळू शकते का? (एक भगिनी, नागपूर)

उत्तर: कळू शकते, जंतूच्या जनुकीय तपासणीचा रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत खरा उपयोग याच ठिकाणी आहे. पुन्हा झालेला क्षयरोग दोन प्रकारचा असतो. पहिल्या आजारातील काही जंतू शरीरात दडून राहिले आणि पुढे वाढले, तर त्याला रोग उलटणे म्हणतात. पहिले जंतू पूर्ण मेले, पण नंतर दुसऱ्या कोणा रुग्णाच्या खोकल्यातून नवे जंतू शरीरात शिरले, तर तो नवा संसर्ग असतो. दोन्ही वेळी लक्षणे तीच, क्ष-किरण चित्र तसेच आणि बेडक्यातील जंतूही सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात. फरक केवळ जनुकांत असतो.

पूर्वी असे मानत असत की, एकदा क्षय होऊन गेलेल्या माणसाला पुन्हा झाला तर तो जुनाच असणार. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनजवळच्या दाट वस्तीत या समजुतीला मोठा धक्का बसला. तेथील १६ रुग्ण बरे होऊन पुन्हा आजारी पडले होते. त्यांच्या पहिल्या आणि दुसऱ्या आजारातील जंतूंचे जनुकीय ठसे ताडून पाहिले तेव्हा १२ जणांमध्ये दुसरा जंतू पहिल्याहून वेगळा निघाला. हा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधांनी आपले काम चोख केले होते. वस्तीत हवेतून पसरणारा क्षय थांबला नव्हता. चेन्नईतील राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला अनुभव याला पूरक आहे: एचआयव्ही असलेल्या रुग्णांमध्ये पुन्हा झालेला क्षय बहुतेक वेळा नव्या जंतूचा होता, तर एचआयव्ही नसलेल्यांमध्ये तो बहुतेक वेळा जुन्याच जंतूचा होता. म्हणजे सर्वांना एकच माप लावता येत नाही.

ताडणी कशी होते तेही सांगतो. क्षयजंतू फार सावकाश बदलतो. त्याच्या संपूर्ण संहितेत साधारणपणे दोन वर्षांत एखादे अक्षर बदलते. आपल्या बहिणीच्या पहिल्या आणि आताच्या जंतूंमध्ये एक-दोन अक्षरांचाच फरक निघाला तर तो जुनाच जंतू आहे, असे म्हणता येईल. फरक शेकडो अक्षरांचा निघाला तर जंतू दुसऱ्याच कोणाकडून आला आहे. एका माणसाकडून दुसऱ्याला थेट लागण झाली का, हे पाहताना पाच किंवा त्याहून कमी अक्षरांचा फरक असल्यास ती अलीकडची मानतात आणि बारापेक्षा अधिक असल्यास ती शक्यता जवळजवळ सोडून देतात. इंग्लंडमधील अभ्यासावरून २०१३ मध्ये सुचवलेल्या या मर्यादा आज बहुतेक ठिकाणी वापरतात.

दोन बाबतींत मात्र सावध राहावे लागते. दोन्ही वेळचा जंतू एकच निघाला, तरी घरातच त्या कुळाच्या जंतूचा दुसरा रुग्ण असेल तर त्याच्याकडून तोच जंतू पुन्हा आलेला असू शकतो. म्हणून घरातील प्रत्येकाची तपासणी झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. शिवाय एकाच माणसात एकाच वेळी दोन वाण असू शकतात आणि पहिल्या खेपेस त्यांतील एकच हाती लागलेला असतो.

यात व्यवहाराची अडचण अशी की, ताडणीसाठी पहिल्या आजारातील जंतू प्रयोगशाळेत गोठवून ठेवलेला असावा लागतो आणि आपल्याकडे संशोधन प्रकल्पाबाहेर तो बहुधा जपून ठेवलेला नसतो. आपल्या बहिणीच्या बाबतीत तो मिळण्याचा संभव कमी आहे. परंतु काळाचा दाखला तिच्या बाजूने आहे. उलटणारा क्षय बहुतांशी उपचार संपल्यानंतरच्या पहिल्या वर्षातच उलटतो. अडीच वर्षांनी झालेला आजार नव्या संसर्गाचा असण्याची शक्यता त्यामुळे वाढते. हा पुरावा नव्हे, पण तिच्यावर ठपका ठेवणाऱ्यांजवळ तर एवढासुद्धा आधार नाही. आणि समजा रोग उलटलेलाच असला, तरी पोकळी मोठी असताना सर्व गोळ्या वेळेवर घेऊनही तो उलटू शकतो. तिच्या घरच्यांना ही ओळ अवश्य वाचून दाखवावी.

नव्या उपचारपद्धतींच्या चाचण्यांतही हा भेद काटेकोरपणे पाळतात. मॉक्सिफ्लॉक्सासिन वापरून उपचार चार महिन्यांत आटोपता येतील का, हे पाहण्यासाठी भारतासह नऊ देशांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. पुन्हा आजारी पडलेल्या प्रत्येक रुग्णाच्या दोन्ही वेळच्या जंतूंच्या जनुकसंहितेतील २४ जागा ताडून पाहिल्या आणि वेगळा जंतू निघाल्यास ते औषधाचे अपयश धरले नाही. तसे केले नसते तर दाट वस्तीच्या शहरांतील केंद्रांत चांगले औषधही वाईट ठरले असते. एवढे करूनही चार महिन्यांचे उपचार त्या चाचणीत कमीच पडले, हे वेगळे.

आता करायचे ते एवढेच: नवे उपचार सुरू करण्यापूर्वी बेडक्याची प्रतिकार-तपासणी आणि संवर्धन (म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे) दोन्ही झाले असल्याची खात्री करावी आणि घरातील लहान मुलांची तपासणी करून प्रतिबंधक औषधांविषयी विचारावे.

प्रश्न: मी सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे. पाठ्यपुस्तकात क्षयजंतूचे कुळ ओळखण्याची स्पोलिगोटायपिंग ही पद्धत सविस्तर दिली आहे, पण आमचे प्राध्यापक ती कालबाह्य म्हणतात. कारण काय? (पुणे)

उत्तर: कालबाह्य म्हणणे थोडे कठोर आहे, अपुरी म्हणावे. १९९७ च्या या पद्धतीत जंतूच्या एका ठरावीक भागातील ४३ तुकडे आहेत की नाहीत, एवढेच पटलावरील ठिपक्यांच्या रूपात दिसते. बीजिंग कुळात पहिले ३४ तुकडे नसतात आणि ३५ ते ४३ असतात, त्यामुळे ते एका नजरेत ओळखू येते. पण म्हणूनच ही पद्धत ढोबळ आहे: एकाच शाखेचे जंतू घरोघरी असतील तर दोन शेजाऱ्यांचे ठिपके जुळले म्हणून एकाने दुसऱ्याला लागण केली, असे सिद्ध होत नाही. आयएस६११० या फिरत्या तुकड्याच्या प्रती मोजण्याची त्याआधीची पद्धत युरोपात उत्तम चालली. दक्षिण भारतात मात्र ती फसली, कारण येथील अनेक जंतूंमध्ये त्या तुकड्याची एकच प्रत असते किंवा एकही नसते. परदेशी प्रमाणपद्धती येथे जशीच्या तशी उचलू नये, याचे हे चांगले उदाहरण आहे. संपूर्ण संहितावाचनात कूळ, लागण आणि प्रतिकार या तिन्हींची उत्तरे एकाच नमुन्यातून मिळतात, म्हणून आपले प्राध्यापक त्याकडे बोट दाखवत असणार. कोणत्या बदलामुळे कोणते औषध निकामी होते याची सूची जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आणि २०२३ मध्ये ती सुधारली. ती अवश्य पाहावी.

प्रश्न: माझ्या पतींची तपासणी गोव्यातच तयार होणाऱ्या ट्रूनॅट यंत्रावर झाली. रिफाम्पिसिन लागू आहे असा अहवाल आला. गोळ्या नियमित चालू असूनही चौथ्या महिन्यात बेडक्यात जंतू दिसत आहेत. अहवाल चुकला म्हणायचे का? (म्हापसा)

उत्तर: चुकलाच असे नाही, परंतु आता केवळ त्यावर विसंबून राहू नये. सर्वप्रथम दिसणारे जंतू जिवंत आहेत का हे संवर्धनातून पाहावे लागते, कारण मेलेले जंतूही काही काळ बेडक्यात दिसत राहतात. ते जिवंत निघाले तर काही शक्यता पडताळून पाहाव्यात. आयसोनियाझिडचा प्रतिकार सुरुवातीपासूनच असू शकतो. तो पहिल्या तपासणीत पाहिलेलाच नसतो. नमुन्यात थोडेसेच औषधरोधी जंतू असतील तर बहुसंख्य साध्या जंतूंच्या गर्दीत ते झाकले जातात आणि साधे जंतू मेल्यावर तेच उरतात. क्वचित बदल तपासणीच्या पट्ट्याबाहेर असतो: आफ्रिकेतील इस्वातिनी या छोट्या देशात बहुऔषधरोधी वाणांपैकी सुमारे ३० टक्के वाणांमध्ये आरपीओबी जनुकातील ४९१ व्या स्थानचा बदल आढळला, जो नेहमीच्या यंत्राला दिसतच नाही. मधुमेह असेल तर तोही आटोक्यात आहे का ते पाहावे.

याहून सूक्ष्म कारणेही आता समोर येत आहेत. २०१८ मधील एका अभ्यासात असे दिसले की, ज्यांचा रोग पुढे उलटला त्यांचे जंतू उपचारांपूर्वीच, प्रयोगशाळेच्या भाषेत 'औषधाला दाद देणारे' असूनही, इतरांपेक्षा थोड्या अधिक मात्रेला मरत होते. २०२२ मध्ये रेसआर नावाच्या जनुकातील बदलांचा उपचारांच्या अपयशाशी संबंध दाखवण्यात आला. अशा जंतूला औषध लागू असते, पण औषधाची मात्रा ओसरताच तो लवकर सावरतो. हे ज्ञान अजून रुग्णाच्या अहवालात उतरलेले नाही.

प्रतिकार सिद्ध झालाच तर हताश होण्याचे कारण नाही. बेडाक्विलीन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचारांना भारतात २०२४ मध्ये मान्यता मिळाली. ज्या चाचणीच्या आधारे ही पद्धत पुढे आली तिच्यात ८९ टक्के रुग्णांना चांगला गुण आला, जुन्या पद्धतीत तो ५२ टक्क्यांना आला होता. येथे वंशशाखेचा प्रश्न पुन्हा डोके वर काढतो: दक्षिण भारतात प्रबळ असलेल्या पहिल्या शाखेच्या जंतूंना थोपवण्यासाठी प्रयोगशाळेत प्रीटोमॅनिडची मात्रा इतर शाखांपेक्षा अधिक लागते. रुग्णांच्या बरे होण्यावर याचा परिणाम होतो असे सिद्ध झालेले नाही, तरी आपल्या देशात या उपचारांची निष्पत्ती शाखानिहाय नोंदली गेली पाहिजे, असे मला वाटते.

आपण या आठवड्यातच जिल्हा क्षयरोग केंद्रात जाऊन संवर्धन आणि एलपीए तपासणीसाठी सकाळचा ताजा नमुना द्यावा. तो लाळेचा नसावा, खोल खोकून काढलेला बेडका असावा. द्रवमाध्यमातील संवर्धनात जंतू वाढले नाहीत असे म्हणण्यासाठी ४२ दिवस थांबावे लागते, पण एलपीएचा निष्कर्ष बहुधा त्याआधी हाती येतो. तोपर्यंत चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत आणि मनाने एखादे नवे औषध त्यांत वाढवूही नये. निष्प्रभ ठरत असलेल्या उपचारांत एकेक औषध जोडत गेल्यास त्या नव्या औषधालाही जंतू लवकरच सरावतो.